निकेलचा मुलामा दिलेल्या पुंगळ्या पुन्हा भराव्यात का?

रानवाट_मिनेसोटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या आजोबांनी गेल्या महिन्यात रीलोडिंग बंद केलं. पोलिसात नोकरी झालेली, वय ऐंशीच्या पुढे. आता नजर साथ देत नाही, आणि या कामात नजर नसेल तर थांबलेलं बरं, असं स्वतःच म्हणाले. जाताजाता त्यांनी कॉफीचे दोन मोठे डबे माझ्या हातात ठेवले. आत .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या, मिळून सहाशेच्या आसपास, सगळ्या चंदेरी. पितळेवर निकेलचा मुलामा. सोबत काडतुसं खोचायचा जुना चामडी पट्टाही दिला.

मी तीन वर्षं साध्या पितळी पुंगळ्या भरतो आहे. एकेक पुंगळी घेणारं साधं प्रेस, पुंगळी मापात आणणारा साचा म्हणजे डाय, तीही पोलादापेक्षा कठीण अशा कार्बाइडची, घाई अजिबात नाही. निकेलला मात्र कधी हात लावलेला नाही. क्लबात विचारलं तर एक जण म्हणाला, भंगारात घाल. दुसरा म्हणाला, यांच्यासारखी पुंगळी नाही.

मला तीन गोष्टी कळायला हव्या आहेत. या किती वेळा भरता येतात? यांनी डाय खराब होते का? आणि मुळात पितळेला हा मुलामा देतात कशासाठी? आजोबांनी हे डबे विश्वासाने दिलेत, म्हणून नीट विचारून मगच सुरुवात करायची आहे.

---

ओवी_साताऱ्याची

विषय अगदीच नवा आहे माझ्यासाठी. रीलोडिंग म्हणजे वापरलेलं काडतूस परत भरणं का? पण ते तर उडून गेलेलं असतं ना?

---

रानवाट_मिनेसोटा

@ओवी, काडतुसाचे चार भाग धरा. पुढे गोळी, आत दारू, बुडाला ठिणगी देणारा प्रायमर, आणि हे सगळं धरून ठेवणारी पुंगळी. बार झाला की गोळी निघून जाते, दारू जळते, प्रायमर वाया जातो. पुंगळी मात्र शाबूत राहते, आणि सहसा चौघांत तीच सर्वांत महाग असते. बाराच्या दाबाने ती किंचित फुगते. तिला डायमध्ये दाबून मूळ मापावर आणायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, मोजून दारू घालायची, वर गोळी बसवायची. इथे अमेरिकेत हा खूप जुना छंद आहे, माणसं हिवाळाभर तळघरात बसून हे करतात.

जुना प्रायमर सहज निघतो याचं श्रेय एडवर्ड बॉक्सर या ब्रिटिश अधिकाऱ्याला. त्याच्या १८६६ च्या रचनेत बुडाला मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे एका सुईने काम होतं. त्याच काळात हायरम बर्डन या अमेरिकन माणसाने दुसरी रचना काढली, तिच्यात सहसा दोन बारीक भोकं बाजूला असतात. पुढे अमेरिकेने ब्रिटिश माणसाची रचना उचलली आणि युरोपच्या लष्करांनी अमेरिकन माणसाची. मला ही गोष्ट फार आवडते.

---

तांबट

धागा वाचून राहवलं नाही. धातुशास्त्र शिकलो आणि शिकवलंही, आणि आजोळ पुण्याच्या तांबट आळीतलं. त्यामुळे पितळ माझ्या दोन्ही घरचं.

पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. या प्रमाणाला इंग्रजीत नावच 'कार्ट्रिज ब्रास' पडलंय. हे मिश्रण थंड असताना खोल ओढता येतं. चकतीपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने नळी होईपर्यंत ते फाटत नाही. शिवाय बाराच्या क्षणी फुगून चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटतं, म्हणजे वायू मागे येत नाही, आणि दाब उतरताच थोडं आकसतं, म्हणजे पुंगळी बाहेर निघते. एवढं सगळं करणारा धातू स्वस्तात दुसरा मिळालेला नाही.

आता मुलामा कशासाठी. घरात जुन्या पितळी पातेल्याची कल्हई उडाली की आजी त्यात ताक ठेवू द्यायची नाही. ताक कळकतं. आंबट पदार्थ पितळेला लागला की हिरवं विष धरतं. तुमच्या चामडी पट्ट्यात अगदी हेच होतं. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि माणसाचा घाम यांच्या संगतीत पितळी काडतूस महिनोन् महिने खोचलेलं राहिलं की ते कळकतं, हिरवं होऊन पट्ट्याच्या घरात चिकटून बसतं. पोलीस रिव्हॉल्व्हर वापरायचे तेव्हा ती काडतुसं वर्षभर पट्ट्यावर असायची. निकेल त्या आम्लांना दाद देत नाही. कल्हई कथलाची आणि हा मुलामा निकेलचा, कल्हई तापलेल्या भांड्यावर पुसून लावतात आणि हा विजेने चढवतात, पण दोघांचं काम एकच, पितळ झाकणं.

दुसरा फायदा म्हणजे गुळगुळीतपणा. निकेल पितळेपेक्षा कठीण आणि निसरडं, म्हणून पुंगळी चेंबरमध्ये सहज जाते आणि सहज निघते. आजही पोलिसांसाठी आणि स्वसंरक्षणासाठी बनणारी पुष्कळ काडतुसं, स्पीअरची गोल्ड डॉट किंवा फेडरलची एचएसटी, याच चंदेरी पुंगळ्यांत येतात. अंधारात चेंबर उघडून पाहिलं तर चमक पटकन दिसते, हाही एक उपयोग सांगतात.

पण हे सगळे फायदे काडतूस एकदा वापरण्याचे आहेत. ते पुन्हा भरलं जाईल या हिशेबाने कारखान्याने मुलामा दिलेला नसतो. तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

---

गौरी_टेक्सास

मी आणि माझा नवरा बारा वर्षं रीलोडिंग करतोय, त्यात .३८ च्या निकेल पुंगळ्या पुष्कळ भरल्या. माझा अनुभव सांगते.

आधी आयुष्य. साधी पितळी .३८ हलक्या भरणीवर इतक्या वेळा चालते की आम्ही मोजणं सोडून दिलं. निकेलचं तसं नाही. चौथ्या-पाचव्या भरणीपासून तोंडाशी उभी चीर दिसू लागते. कारण साधं आहे. दर वेळी आपण तोंड दाबतो, मग गोळी बसावी म्हणून किंचित पसरवतो, मग गोळीवर आवळतो. या घडामोडीने पितळ कडक होत जातं, आणि निकेलचा थर तर आधीच ताठ. तो कमी लवचीक असल्यामुळे आधी तडकतो आणि तडा तिथून खाली उतरतो. म्हणून आम्ही तोंड अगदी जेमतेम पसरवतो, गोळीचं बूड टेकेल इतकंच. एवढ्या एका गोष्टीने आयुष्य बरंच वाढलं.

चीर डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळते. चार-पाच पुंगळ्या तळहातावर घेऊन हलवा. चांगल्या खणखणतात. एखादी भद्द वाजली की तिच्यात चीर आहे. मग एकेक करून शोधा.

डायचं म्हणाल तर कार्बाइडला निकेलची काही भीती नाही. जुन्या पोलादी डायला आहे. मुलामा सुटलेल्या पुंगळीचे कठीण कण डायच्या आत रुतून बसतात, आणि मग त्यातून जाणाऱ्या प्रत्येक पुंगळीवर उभा ओरखडा उठतो. म्हणून पोपडे धरलेली पुंगळी कितीही हौसेची असली तरी डायमध्ये घालू नका, थेट भंगार. कार्बाइडला तेल लागत नाही म्हणतात, तरी मी निकेलला थोडं वंगण लावते. हाताला फरक कळतो.

आणि मिसळ करू नका! एकाच लॉटमध्ये अर्ध्या पितळी, अर्ध्या निकेल असं नको. गोळी धरून ठेवण्याची दोघांची पकड वेगळी. आम्ही निकेल वेगळ्या डब्यात ठेवतो, डब्यावर किती वेळा भरल्या ते लिहितो.

---

डोंगरदऱ्या_मोंटाना

रायफलच्या पुंगळ्यांबद्दल थोडं, कारण .३८ सारखी सरळ नळी आणि .३०-०६ सारखी गळ्याची पुंगळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मी इथे पावसात, बर्फात एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जातो, तेव्हा खिशात निकेलचीच काडतुसं असतात. आठवडाभर ओली राहिली तरी काळी पडत नाहीत. पण ती विकतची, आणि एकदाच वापरायची. पुन्हा भरायला घेतली तेव्हा हात पोळले. गळा लवकर फाटतो. रायफलची पुंगळी दर काही भरणींनी लांब होते, मग तिचं तोंड कापून मापात आणावं लागतं. निकेल कापताना कटरची धार जाते आणि कापलेल्या कडेवर मुलाम्याची सुईसारखी कुसळं राहतात. ती आतून-बाहेरून घासून काढली नाहीत तर गोळीला ओरखडे.

पितळी पुंगळीचा गळा कडक झाला तर गरम करून पुन्हा मऊ करता येतो. निकेलमध्ये तो मार्ग भरवशाचा नाही. पितळ मऊ होईल इतक्या आचेवर निकेलचा थर सहसा तसाच ताठ राहतो, आणि पितळेवर जो रंग पाहून आच कळते तो मुलाम्याखाली दिसतच नाही. रायफलसाठी माझं उत्तर 'नको' असं आहे. .३८ साठी गौरीताईंचं ऐका.

---

निवृत्त_खडकीकर

तांबट सरांनी पितळेचा विषय काढला म्हणून लिहितो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ३१ वर्षं काढली. १८६९ चा कारखाना. आम्हाला नोकरीच्या सुरुवातीलाच एक गोष्ट शिकवली जायची, ती या धाग्यावर असायला हवी.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली असायची. पावसाळा सरून पेट्या उघडल्या की काही पुंगळ्या तडकलेल्या निघत. बार नाही, मार नाही, पडलेल्या जागी आपोआप चीर. ठरावीक ऋतूत व्हायचं म्हणून इंग्रजांनी त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव दिलं. कारण बरीच वर्षं हाती लागलं नाही. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी ते उलगडून दाखवलं. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, पावसाळी दमट हवा, आणि पुंगळी ओढताना-आवळताना पितळेत कोंडून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सीमेवरून उकलतं. ताण काढायला पुंगळी माफक तापवायची आणि अमोनियापासून लांब ठेवायची, हे दोन उपाय. लष्करी पुंगळीच्या गळ्याशी निळसर-तपकिरी झाक दिसते ना, ती त्या तापवण्याची खूण. ती डाग समजून घासू नये.

आता तुमच्या कामाचं. घरात पितळ चकचकीत करायला जी इंग्रजी पॉलिशं मिळतात त्यांतल्या पुष्कळांत अमोनिया असतो. दाराच्या कडीला ती चालतात. पुंगळीला कधीही लावू नका. मुलामा अखंड असेल तोवर निकेल पितळेला जपेल, पण तोंडाशी झिजला किंवा कापला गेला की तिथे पितळ उघडं, आणि ताणही नेमका तिथेच सर्वांत जास्त. बाटलीवर अमोनिया लिहिलेलं असेल तर ती बाटली त्या खोलीतसुद्धा नको.

---

ओवी_साताऱ्याची

काका, हे वाचून अंगावर काटा आला. तबेल्यातली हवा काडतूस फोडते! मग चिंचेने घासलं तर? आमच्याकडे समई-तांब्या अजून चिंच-मिठानेच लखलखतो.

---

तांबट

@ओवी, चिंचेचं आम्ल पितळेवरचा काळा थर विरघळवतं म्हणून समई उजळते. रीलोडिंगवालेही पातळ सायट्रिक आम्ल वापरतात, तत्त्व तेच, पण ते मोजून, काही मिनिटं, आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन. जास्त वेळ ठेवलं तर पितळेतलं जस्त निघून जातं आणि पृष्ठभाग गुलाबी दिसू लागतो. तो गुलाबी रंग म्हणजे कमजोर पितळ. आणि मीठ नकोच. समईवर बाराचा दाब येत नाही, पुंगळीवर येतो. .३८ स्पेशलची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पौंड, .३५७ मॅग्नमची ३५,०००.

निकेलला तर आम्लाची गरजच नाही, ते काळं पडत नाही. वर बसलेली काजळी तेवढी काढायची. अक्रोडाच्या टरफलाचा किंवा मक्याच्या कणसाचा चुरा घालून टम्बलरमध्ये, म्हणजे पुंगळ्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्रात, तास-दीड तास फिरवा. पोलादी पिना घालून तासन् तास फिरवू नका, मुलामा झिजतो.

---

गौरी_टेक्सास

टम्बलरबद्दल महत्त्वाचं. बहुतेक प्रायमरमध्ये शिसं असतं, त्याची धूळ त्या चुऱ्यात साठते. टम्बलर घरात चालवू नका, झाकण उघडताना मास्क लावा, काम झाल्यावर हात कोपरापर्यंत धुवा, आणि त्या कपड्यांनी मुलांना जवळ घेऊ नका. आम्ही पहिली दोन वर्षं स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत चालवायचो. रक्ततपासणीत शिसं वाढलेलं आलं तेव्हा डोळे उघडले. आता सगळं गॅरेजबाहेर, चुरा चाळताना वाऱ्याच्या दिशेला पाठ करून.

---

कायदेकानू

कुणी अजून लिहिलं नाही म्हणून. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. पण आपल्या लोकांसाठी खरी अट दुसरी आहे. एच-१बी, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक आणि दारूगोळा बाळगायला संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डावर ही मनाई नाही. मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाणाऱ्या व्हिसाधारकांनी आधी वकिलाला विचारावं, यात चूक झाली तर व्हिसाच काय, सगळंच पणाला लागतं.

भारतातल्या वाचकांसाठी: शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. दारूगोळा बनवायला परवाना हवाच. हा छंद तिकडे घरी करायचा नाही.

आणि इथून भारतात जाताना, रेंजवर नेलेली पिशवी प्रवासाला घेऊ नका. कोपऱ्यात राहिलेल्या एका काडतुसावरून भारतातल्या विमानतळांवर गुन्हे दाखल झालेले आहेत. 'मला ठाऊक नव्हतं' हे पुढे न्यायालयात टिकतंही, पण तोवर विमान गेलेलं असतं आणि पासपोर्ट अडकलेला असतो. रिकाम्या पुंगळीवरूनसुद्धा चौकशीला बसावं लागेल.

---

डोंगरदऱ्या_मोंटाना

@रानवाट, भरायला बसण्याआधी एकच सांगतो. .३८ स्पेशल एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस काळ्या दारूसाठी आखलं गेलं, म्हणून पुंगळी लांब आहे. आजची बिनधुराची दारू तिच्यात तळाशी थोडीशीच बसते. चुकून दोनदा घातली तरी वर जागा उरते आणि कळत नाही. पितळ असो की निकेल, रिव्हॉल्व्हर फुटतं ते पुंगळीच्या धातूपेक्षा या चुकीने. भरायच्या सगळ्या पुंगळ्या भोकांच्या ठोकळ्यात उभ्या करून, टॉर्च मारून, प्रत्येकीत डोकावल्याशिवाय एकही गोळी बसवू नका. निकेलच्या चमकीने आत उजेड परावर्तित होतो आणि पातळी फसवी दिसते, म्हणून टॉर्च तिरपी नको, सरळ वरून. शंका आली तर ओतून परत मोजा. आणि मापं छापील पुस्तकातलीच. माझ्यासकट कुठल्याही धाग्यावरचा आकडा घेऊ नका.

---

रानवाट_मिनेसोटा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रविवार यावर बसलो, आता सांगण्यासारखं काही आहे.

आधी .३८ आणि .३५७ वेगळ्या केल्या. लांबीत साडेतीन मिलिमीटरचाही फरक नाही आणि सगळ्या चंदेरी, त्यामुळे बुडावरचा शिक्का वाचून, मग मापपट्टीने. नुसत्या नजरेने वेगळ्या केलेल्यांत मापाला सात चुकीच्या सापडल्या. निकेलमध्ये रंगाची मदत नसते हे लक्षात ठेवावं लागतं.

मग गौरीताईंची खणखण. माझा विश्वास नव्हता, पण पहिल्याच मुठीत एक भद्द वाजली. भिंगाखाली पाहिलं तर तोंडापासून चार मिलिमीटर उभी चीर, केसासारखी. सहाशेत अशा एकेचाळीस निघाल्या. पोपडे धरलेल्या आणखी तेवीस. या सगळ्यांची तोंडं पक्कडीने चेपून भंगारात टाकल्या, म्हणजे चुकून परत डब्यात यायला नकोत.

.३५७ च्या मी भरणार नाही. त्या किती वेळा भरल्या गेल्यात ते आजोबांना आठवत नाही, आणि ३५,००० चा दाब अशा पुंगळीवर नको. .३८ च्या पन्नास हलक्या मापाने भरल्या, तोंड जेमतेम पसरवून. टॉर्च सरळ वरून. काल रेंजवर सगळ्या नीट चालल्या. रिव्हॉल्व्हरमधून पुंगळ्या बोटाच्या टोकाने ढकलताच घसरून पडल्या, पितळीला मला कायम तळहाताने ठोकावं लागायचं. घरी येऊन पुन्हा ऐकल्या, दोन भद्द. डब्यावर तारीख आणि '१' लिहिलं. तिसऱ्या भरणीनंतर थांबायचं ठरवलंय.

आणि तो पट्टा. एका टोकाच्या घरात एक चंदेरी आणि तिच्या शेजारच्या घरात एक पितळी पुंगळी राहून गेली होती, दोन्ही रिकाम्याच. किती वर्षं, आजोबांनाही सांगता येईना. चंदेरी बोटाने निघाली. पितळी हिरवीगार, चामड्याला शिवल्यासारखी घट्ट. तांबट सरांचं 'कळकलं' मी आजोबांना इंग्रजीत समजावायला गेलो, शब्द सापडला नाही. मग ताकाची आणि कल्हईची गोष्टच सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली, आणि म्हणाले, ती हिरवी तशीच राहू दे, काढू नकोस.

---

निवृत्त_खडकीकर

राहू दे. पण पट्टा कोरड्या जागी टांग, आणि भरलेली काडतुसं त्यात खोचून ठेवू नकोस, चंदेरी असली तरी. भरलेली डब्यात.